चौदा नंबरला कुंकू

तोताराम फ्लॉप्या अॅल्युमिनियमच्या डब्यातून नेत असे. डब्याला आतून स्वच्छ पिंजलेला कापूस लावलेला होता. तो त्याने घरून आणला होता. नरडाण्याजवळ त्याची दोन एकर जमीन होती आणि तिच्यात दुसरे काही पिको न पिको, कापूस पिके. जळगावच्या स्टँडवरून सकाळी साडेसहाची धुळ्याची गाडी धरायची, डबा मांडीवर घ्यायचा आणि पारोळा जाईपर्यंत त्यावरचा हात काढायचा नाही. कंडक्टर ओळखीचा होता. तो विचारी, "काय तोतारामभाऊ, लाडू कोणाले?" तोताराम म्हणे, "मशीनस्ले. दवाईना लाडू शेतस."

कंडक्टर हसे, पण त्यात चूक काही नव्हती. बियाणे संघाच्या जळगावच्या मुख्य कचेरीत नऊ कॉम्प्युटर होते, धुळ्यात देवपूरच्या शाखेत चार आणि नरडाण्याच्या गोदामात दोन. कचेरीतले नऊ एकमेकांना तारेने जोडलेले. धुळ्याचे आपसांत, नरडाण्याचे आपसांत. गावागावांना जोडणारी तार मात्र तेव्हा नव्हती. बियाण्याच्या प्रत्येक लॉटचा नंबर, त्याची उगवण शेकडा किती आली, तो पास की नापास, हे सगळे या यंत्रांवर चढे आणि शनिवारी तिन्ही ठिकाणची माहिती एकत्र होई. त्यासाठी पंधराही यंत्रांवर तोच प्रोग्राम हवा. एक जरी यंत्र वेगळ्या प्रोग्रामवर राहिले तरी शनिवारच्या आकड्यांत नकळत चुका शिरत.

प्रोग्राम पुण्याच्या लोकांनी केला होता. त्यात काही खोट निघाली की ते दुरुस्तीची फ्लॉपी पाठवत, तिच्यावर नंबर असे. ती आली की लगेच चढवायची नाही, असा सुनंदाबाईंचा नियम. आधी कोपऱ्यातल्या एका यंत्रावर आठ दिवस चालवून पाहायची. नीट चालली तर दुरुस्तीच्या वहीत तसे लिहायचे, त्याखाली व्यवस्थापक गिरधर नानांची सही घ्यायची आणि मगच ती तोतारामच्या डब्यात ठेवायची. सुनंदाबाई एक्क्याऐंशी साली टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. एक्क्याण्णवला कॉम्प्युटर आले आणि दोन वर्षांत हा सगळा कारभार त्यांच्याकडे आला. त्यांची वही पाहिली की गिरधर नाना म्हणत, "बाई, देवाच्या दारी हिशेब द्यायला तुम्हाला वेगळी तयारी नको."

हे वाक्य पुढे बाईंना फार बोचले.

कुंकवाची पद्धत कशी पडली ते सांगायला हवे. फ्लॉपीवर चिकटवलेल्या कागदावर बाई शाईने 'मंजूर' लिहीत. मे महिन्यात जळगावची हवा, वर तोतारामच्या हाताचा घाम. धुळ्याला पोचेपर्यंत अक्षरांचा निळा डाग होऊन जाई. एकदा नवी फ्लॉपी पहिल्यांदा पाठवताना बाईंनी सहज तिला कुंकवाचे बोट लावले. नवी वस्तू घराबाहेर पडताना लावतो तसे. तोताराम परत आला आणि म्हणाला, "अक्का, शाई पुसाई गई, पन कुकू जसंनं तसं शे." तेव्हापासून बाईंनी कुंकवात डिंकाचे पाणी कालवले, म्हणजे ते झडून यंत्रात जाणार नाही, आणि आगकाडीच्या टोकाने कोपऱ्यात बारीक ठिपका द्यायला सुरुवात केली. नियम असा पडला, की ठिपका असेल तीच चढवायची. तोतारामने तो मोडला नाही. त्याच्याजवळ खिशात एक छोटी वही असे. कुठल्या तारखेला, कुठल्या यंत्रावर, कुठल्या नंबरची फ्लॉपी, हे तो यंत्रापुढे बसूनच लिही. महिनाअखेरीला बाई ती वही आपल्या वहीशी ताडून पाहत.

तोताराम रोजंदारीवर होता. ब्याण्णव सालापासून. त्याला कायम करायचा ठराव जानेवारी अठ्ठ्याण्णवच्या सभेत यायचा होता. संघाचा नियम तेहतीस वर्षांच्या आत कायम करण्याचा होता, आणि त्याच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून पासष्ट. गावातल्या गुरुजींनी शाळेत घालताना सगळ्यांचीच एक जून लिहिली होती. अर्ज बाईंनीच टाइप केला होता. "अक्का, जानेवारीमा व्हई गयं म्हंजे सुटनू," तो म्हणे. त्याची बायको बेबाबाई, दोन मुली, दोन एकर. सगळ्यांचे डोळे त्या जानेवारीकडे लागलेले होते.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत, सहा तारखेला, सुनंदाबाईंचे यजमान गेले. शाळेत मास्तर होते, वर्गातच छातीत कळ आली. पंधराव्या दिवशी बाई कामावर आल्या. कपाळ मोकळे, हात मोकळे. बायका जवळ येऊन बसल्या, उठल्या. दुपारी तोताराम टेबलापाशी येऊन उभा राहिला. नऊ नंबरची दुरुस्ती मंजूर होऊन पडली होती.

बाई म्हणाल्या, "आता आपण रबरी शिक्का करून घेऊ, तोताराम."

"शिक्कानी शाईच शे ना, अक्का. पुसाई जास."

"मग?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमनं कुकूच लावा. मशीनले काय समजस?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिले. करंडा खणात शिक्क्याच्या डबीमागे होता. त्यांनी भिंतीकडे तोंड करून आगकाडी बुडवली आणि ठिपका दिला.  त्यानंतर आठ महिने त्या तशाच, पाठमोऱ्या होऊन ठिपका देत राहिल्या. कचेरीत हे तोतारामखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. फ्लॉपीवर कुंकू दिसलेच तर बाकीच्यांना वाटे, आता शेजारच्या टेबलावरच्या वच्छलाबाई हौसेने लावत असतील.

मग खंडेनवमी आली, दहा ऑक्टोबरची, शुक्रवार. दरवर्षी संघात त्या दिवशी यंत्रांची पूजा होई. वजनकाटे, गोण्या शिवायचे मशीन, कॉम्प्युटर, सगळ्यांना झेंडूची माळ. कॉम्प्युटरच्या खोलीतली पूजा इतकी वर्षे सुनंदाबाईंच्या हातची. त्या वर्षी ताम्हण कोणी त्यांच्यापुढे केले नाही. त्यांनीही हात पुढे केला नाही. त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि वच्छलाबाईंना म्हणाल्या, "तू कर. मी इथे आहे."

वच्छलाबाई स्वभावाने हौशी. त्यांनी सकाळीच खण पुसून काढले होते, जुने कागदाचे चिटोरे फेकले होते, फ्लॉप्या ताटात लावून ठेवल्या होत्या. त्या चिटोऱ्यांत एक सुनंदाबाईंच्या हातचा होता: 'क्र. १४. नापास. पुण्यास परत.' चौदा नंबरची दुरुस्ती कोपऱ्यातल्या यंत्रावर चौथ्याच दिवशी चुकली होती. एकाच दिवशी दोन लॉट तपासून आले की ती त्यांचे निकाल एकमेकांच्या नावावर टाकी. बाईंनी पुण्याला पत्र लिहिले होते आणि फ्लॉपी रबरबँडने त्या चिठ्ठीत गुंडाळून मागच्या खणात ठेवली होती.

"सुनंदाताई, लावू ना सगळ्यांना?" वच्छलाबाईंनी विचारले.

बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना ताट दिसत होते, ताटात काय आहे ते दिसत नव्हते. दोन पावले पुढे जाऊन पाहायला हवे होते. पण पूजा चालू होती, आणि त्या पुढे गेल्या असत्या तर सगळ्या जणी थबकल्या असत्या. त्या म्हणाल्या, "लाव."

शनिवार दसरा, मग रविवार. सोमवारी पहाटे शिपायाने दार उघडून दिले, आणि तोतारामने नेहमीप्रमाणे कुंकू पाहून फ्लॉप्या डब्यात ठेवल्या. बारापर्यंतच्या केव्हाच चढलेल्या होत्या. तेरा नंबर जायचीच होती. चौदा तेवढी नवी होती, आणि तिला कुंकू होते. वही बाईंच्या कपाटात कुलपात, बाई दहाला येणार, गाडी साडेसहाची. त्याने दोन्ही नेल्या. दुसऱ्या दिवशी तो सुरतेकडून येणाऱ्या पॅसेंजरने परत आला आणि सगळी यंत्रे उरकली की म्हणे तसे म्हणाला, "बठ्ठास्ले दवाई पाजी उनू, अक्का."

बाई मान वर न करता "बरं" म्हणाल्या.

रब्बीचे दिवस. हरभऱ्याचे बियाणे गोदामातून भराभर निघत होते. नरडाण्याच्या यंत्राने एक नापास लॉट पास म्हणून दाखवला आणि त्याच्या एकेचाळीस गोण्या शिंदखेडा तालुक्यातल्या गावांत गेल्या. महिनाअखेरीला बाईंनी तोतारामची वही हातात घेतली तेव्हा दिवाळी होती, घरात यजमानांविना पहिली. वही ताडायची राहिली. नोव्हेंबरच्या मध्याला माणसे कचेरीत येऊ लागली. कोणी रुमालात माती आणली होती, मातीत पेरलेला दाणा तसाच, फुगून कुजलेला. संघाने सगळ्यांना नवे बियाणे दिले. पण जमिनीतली ओल निघून गेली होती. त्या वर्षी त्या शेतांतला हरभरा गेला तो गेलाच.

चौकशी नऊ डिसेंबरला झाली. तीन संचालक, गिरधर नाना, टेबलावर दुरुस्तीची वही, तोतारामची खिशातली वही आणि चौदा नंबरची फ्लॉपी. तिन्ही संचालकांत लीलाधर आबांचे तोंड मोठे.

"वहीत चौदा नंबर मंजूर आहे का, बाई?"

"नाही."

"तुम्ही ती याच्या हातात दिली?"

"नाही."

दोन्ही उत्तरे खरी होती. सुनंदाबाईंनी पुढे किती वेळा ती दोन उत्तरे मनात उलटून पाहिली, त्यांत खोटे एक अक्षर सापडले नाही. तेच वाईट होते.

आबा तोतारामकडे वळले. "मग तू काय पाहून चढवलीस रे?"

"कुकू पाहीसन."

संचालक हसले. "कॉम्प्युटर काय नवरी आहे का? हळद कोणत्या दिवशी लावलीस?"

"आबा, कुकू लागेल व्हतं म्हनीसन..."

"अरे पण कोणी लावलं? कोण लावतं हे कुंकू?"

फ्लॉपी टेबलावर सुनंदाबाईंच्या समोरच पडली होती. त्यांना एका नजरेत कळले. त्यांचा ठिपका आगकाडीचा, मोहरीएवढा. हा अनामिकेचा होता, रुंद, पाण्यातला, कडेने सुकून पापुद्रा सुटलेला. खंडेनवमी, ताट, दार, "लाव" म्हटलेले, सगळे एकदम डोळ्यांपुढे आले. बोलायला एक वाक्य पुरले असते. पण त्या वाक्याआधी दुसरे सांगावे लागले असते: की खूण म्हणून कुंकू लावते ती मी, यजमान गेल्यावरही लावत होते, आणि पूजेच्या दिवशी मात्र मी ते दुसरीच्या हातात दिले. लीलाधर आबांपुढे, चार पुरुषांत, मोकळ्या कपाळाने हे सांगायचे. आणि खरे सांगायचे तर आणखीही होते. विभागप्रमुखाच्या जागेसाठी त्यांचे नाव त्याच महिन्यात पुढे गेले होते. त्यांनी पदर सावरला.

तोतारामने एकदाच त्यांच्याकडे पाहिले. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "लागेल व्हतं. इतलंच माले माहीत शे."

त्याला सगळे ठाऊक होते. आठ महिने भिंतीकडे तोंड करून कोण ठिपका देते ते त्याने सांगितले असते तर वहीचा प्रश्न वहीवाल्या बाईंकडे आला असता आणि तोताराम सुटला असता. तो बोलला नाही.

जानेवारीत ठराव आला नाही. फेब्रुवारीपासून त्याला बोलावणे बंद झाले. एप्रिलमध्ये सुनंदाबाई विभागप्रमुख झाल्या. पेढे वच्छलाबाईंनी वाटले. एक जूनला बाईंनी कॅलेंडरकडे पाहिले. मेपर्यंत बोलता आले असते. रोज उद्या म्हणत गेल्या, आणि तारीख उलटून गेली.

पुढची खंडेनवमी तीस सप्टेंबरला होती. वच्छलाबाईंनी पुन्हा ताट सजवले, पुन्हा विचारले, "लावू ना सगळ्यांना?" सुनंदाबाई दारातून आत आल्या, ताटातल्या फ्लॉप्या उचलून त्यांनी पदराखाली घेतल्या आणि म्हणाल्या, "यांना नको."

"अगं बाई! मागच्या वर्षी तर लावलं होतं."

"म्हणूनच."

वच्छलाबाईंना काही कळले नाही, आणि बाईंनी त्यांना ते कधी कळू दिले नाही. दसरा झाल्यावर त्यांनी दोन पानांचे निवेदन टाइप केले. खूण कोण करत होते, पूजा कशी झाली, चिठ्ठी कशी गेली, महिनाअखेरीची वही ताडायची कोणाची राहिली, सगळे. पूजेला हात कोणाचा होता ते मात्र लिहिले नाही. 'माझ्या संमतीने' एवढेच लिहिले. गिरधर नानांनी ते वाचले, चष्मा काढला.

"बाई, आता? जूनला त्याला तेहतीस पूर्ण झाली."

"माहीत आहे मला."

"मला तेव्हाही वाटलं होतं, की बाईंना काही तरी सांगायचंय."

"मग विचारलं का नाहीत, नाना?"

नानांनी दोन्ही पाने जुळवून टाचली. म्हणाले, "फाइलला लावतो. त्याचा दोष नव्हता एवढं राहील कागदावर. दुसरं काही होणार नाही."

दिवाळी उलटून गेल्यावर एका रविवारी सुनंदाबाई निवेदनाची नक्कल घेऊन नरडाण्याला उतरल्या. तोताराम औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी होता. त्या दिवशी सुट्टीवर घरीच सापडला. त्याने खाटेवर गोधडी टाकली. बेबाबाईंनी चहा ठेवला. तोतारामने कागद घेतला आणि यंत्रापुढे बसून वाचायचा तसा, ओळीवर बोट ठेवून, सावकाश वाचला. दुसऱ्या पानावर बोट थांबले, ते तिथेच टेकवून तो म्हणाला,

"अक्का, आठे चुकनं."

"काय चुकलं?"

"सहा मशीन लिखेल शे. पाच शेतस. नरडानानं दुसरं मशीन त्या दिन बंद व्हतं. मना वहीमा शे ना."

बाईंनी पेन काढले, सहाचे पाच केले, शेजारी सही केली. वर्षभर त्याची वही त्यांच्याच कपाटात होती. ती त्यांनी अजूनही ताडली नव्हती, हे त्या खाटेवर बसून त्यांना उमगले.

"तोताराम, तुला तो टिळा वेगळा नाही का वाटला?"

"वाटना ना. मोठा व्हता." तो जरासा हसला. "मनमा म्हनं, सनना दिन शे, अक्कानी आज बोटघाई लाया. माले बरं वाटनं."

बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. म्हणजे त्या दिवशी पहाटे, रिकाम्या कचेरीत, त्याने ते मोठे कुंकू पाहिले आणि त्याला वाटले, की अक्कांनी आज आगकाडी टाकली, पाठ फिरवली नाही, चारचौघींत आपल्या बोटाने लावले. आणि त्या आनंदात त्याने ती फ्लॉपी कापसात ठेवली.

"मी तेव्हा बोलायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

तोताराम म्हणाला, "जाऊ द्या ना, अक्का." पण चुलीपाशी बसलेल्या बेबाबाई वळून म्हणाल्या, "तवयच बोलनं व्हतं."

"गप ऱ्हाय ना तू," तोताराम म्हणाला.

"तिला बोलू दे. तिचं बरोबर आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. बेबाबाई मात्र पुन्हा चुलीकडे वळल्या. सांगायचे ते त्यांनी सांगून टाकले होते.

निघताना बेबाबाई रीतीप्रमाणे करंडा घेऊन दारापर्यंत आल्या. घरून बाई माणूस निघाले की हात आपोआप तिकडे जातो. समोर आल्यावर त्यांचे लक्ष बाईंच्या कपाळाकडे गेले. त्यांनी करंडा पदराआड घेतला आणि वाटेसाठी भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या. तोताराम रस्त्यापर्यंत आला. गाडी येईपर्यंत दोघे कापसाच्या भावाबद्दल आणि त्याच्या मोठ्या मुलीच्या शाळेबद्दल बोलले. डब्याचा विषय कोणी काढला नाही.

सोमवारी सुनंदाबाईंनी गिरधर नानांकडून ती फाइल मागून घेतली. कपाटातून तोतारामची छोटी वही काढली, तेरा ऑक्टोबरच्या चौदा नंबरच्या ओळी बोटाने मोजल्या. देवपूरच्या चार, नरडाण्याची एक. मग मूळ निवेदनातही सहाचे पाच केले, खाली तारीख घातली, सही केली.

नाना पाहत होते. म्हणाले, "बाई, सहा काय नि पाच काय. आता काय फरक पडतो?"

"पडतो," सुनंदाबाई म्हणाल्या. "त्याच्या वहीत पाच आहे."